मुस्तफा घेणार की जॅक?

श्रोतेहो, बारामती म्हटलं की जुन्या मंडळींना मोरोपंत आठवतात आणि इंदापूर म्हटलं की मालोजीराजांची गढी. नीरा डावा कालवा, साखर कारखाने, उजनीचं पाणी, या सगळ्यांचा इतिहास कुठे ना कुठे लिहिलेला सापडतो. आज मी ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे, तो मात्र लिहिलेला नाही. गेल्या पस्तीस-एक वर्षांत या दोन तालुक्यांतल्या मुलांनी टीव्हीला जोडायचे, नाणं टाकायचे, संगणकावरचे आणि शेवटी मोबाइलवरचे व्हिडिओ गेम खेळले. त्या खेळांविषयी त्यांचं काही एक म्हणणं होतं. कोणता खेळ चांगला, कोणता फसवा, कोणता नुसताच देखणा, हे ती मुलं ठामपणे सांगत. त्या म्हणण्याचा हा इतिहास.

या खेळांवर आपल्याकडे लिहिलं गेलं नाही असं नाही. मुलांचे डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, पैसे उडतात, हिंसक वृत्ती वाढते, असं पालकांनी, शिक्षकांनी, डॉक्टरांनी पुष्कळ लिहिलं. त्यात तथ्यही आहे. पण नाटकाचं परीक्षण लिहिताना आपण प्रेक्षकाच्या पाठदुखीबद्दल लिहीत नाही. नाटक कसं होतं ते लिहितो. व्हिडिओ गेमच्या वाट्याला हे भाग्य मराठीत फारसं आलं नाही. खेळणाऱ्याला कुणी विचारलंच नाही की बाबा रे, खेळ कसा होता?

मी कविता लिहिणारा माणूस. मुशायऱ्यात श्रोत्यांच्या तोंडून आपोआप निघालेली ‘वाह’ आणि शिष्टाचार म्हणून दिलेली ‘वाह’ यांतला फरक आमच्या कानांना लगेच कळतो. गेमच्या दुकानात उठणारा ओरडा पहिल्या जातीचा असे. तिथे उगाच कुणाचं कौतुक करण्याची कुणाला गरज नव्हती.

खेळ म्हणजे काय, हे बारामतीला नव्यानं शिकवण्याची गरज नाही. मोरोपंत १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्मले, पण त्यांचं आयुष्य कऱ्हाकाठी, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला गेलं आणि १७९४ मध्ये बारामतीतच ते वारले. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यात एक निरोष्ठ रामायण आहे. प, फ, ब, भ, म अशी ओठ मिटून उच्चारायची अक्षरं त्यात येऊ द्यायची नाहीत, असा नियम कवीनं आपणहून स्वतःला घालून घेतला. आता रामायण सांगायचं आणि ‘राम’ हे नावच घ्यायचं नाही, कारण त्यात ‘म’ आहे! हा भक्तिभाव तर आहेच, पण हा खेळही आहे. कुणी सक्ती न करता एक अवघड नियम पत्करायचा आणि त्याच्या आत राहून जिंकून दाखवायचं. ऐकणाऱ्यानं नियम मोडला का ते बघायचं आणि मगच मान डोलवायची. सव्वादोनशे वर्षांनी त्याच गावातली मुलं टीव्हीसमोर मांडी घालून हेच करत होती.

ही यंत्रं आली कुठून? जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचं घरगुती यंत्र बाजारात आणलं. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये सुरू झालं होतं. तालुक्याच्या गावात रंगीत संच घरोघरी पोचेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. मग नव्वदीच्या दशकात त्या संचाला जोडायचे करडे-पांढरे डबे आले. त्यांच्यावर निन्टेन्डोचं नाव नसे. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशी नावं असत. हे बहुतेक सगळे त्या जपानी यंत्राच्या नकलेवर बेतलेले. मूळ माल घेणं सोपं नव्हतं. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचं मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आलं, तेव्हा त्याची किंमत अठरा हजार रुपये होती. शॉ वॉलेस हे नाव लोकांना मद्यासाठी ठाऊक होतं. ऐंशी टक्के आयातकर चुकवण्यासाठी सेगानं ही सोयरीक केलेली. पण तेवढ्या पैशांत आमच्याकडे दारात दुभती म्हैस उभी राहत होती. म्हैस सोडून सेगा घेणारा बाप इंदापूर तालुक्यात भेटणं कठीणच होतं. म्हणून नकली डबा आला, आणि या मुलांची आवडनिवड त्या नकली डब्यावरच घडली.

डब्यात जी चौकोनी वडी घालायची, तिला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेट चालली नाही की काढायची, खालच्या बाजूनं फुंकायची आणि पुन्हा खोचायची. तिच्यावर छापलेलं असे, ‘९९९९ इन वन’. आणि इथेच खेळणाऱ्यांनी पहिलं मत नोंदवलं. मुलं यादी मोजायला बसली. पाच-सात खेळ झाले की तेच खेळ पुन्हा, कुठे रंग बदललेला, कुठे तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात. ‘नऊ हजार कसले, सहाच आहेत आणि त्यातले दोन भंगार,’ हा निकाल मी माझ्या पुतण्याच्या तोंडून ऐकला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. जाहिरात आणि माल यांतलं अंतर स्वतः मोजून काढणं, हे काही लहान शिक्षण नव्हे. पुढे कॅसेट अदलाबदलीला काढताना मुलं एकमेकांना आकडा विचारत नसत. ‘खरे किती?’ असं विचारत.

त्या खऱ्या सहांत बहुतेक वेळा मारिओ असे, कॉन्ट्रा असे आणि बदकं मारायचा डक हंट असे. तिन्ही खेळांविषयी पक्की मतं होती. मारिओ चांगला, कारण मेल्यावर चूक आपलीच आहे हे कळतं. उडी उशिरा मारली, खड्ड्यात पडलो, संपलं. यंत्रावर राग काढता येत नाही. उलट काही खेळांत शत्रू मागून अचानक येई, बघायला वेळच मिळत नसे. अशा खेळाला आमची मुलं म्हणत, ‘हा रडीचा डाव खेळतो.’ विटीदांडूत, आट्यापाट्यांत, गोट्यांत वापरायचा शब्द त्यांनी यंत्राला लावला. मोठमोठ्या खेळांचे कर्ते ज्याला न्याय्य अवघडपणा म्हणतील, ती गोष्ट एका मराठी शब्दात बसली होती.

डक हंटमध्ये नेम चुकला की गवतातून एक कुत्रा वर येऊन हसतो. ‘त्या कुत्र्याला गोळी का लागत नाही?’ ही तक्रार मी जितक्या घरांत ऐकली, तितकी दुसरी कुठलीच ऐकली नाही. पुढे वाचनात आलं की नाणं टाकून खेळायच्या त्याच खेळाच्या आवृत्तीत, खास फेरीत, त्या कुत्र्याला गोळी लागू शकत असे. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या मुलांच्याही मनात हेच होतं. फक्त आमच्या मुलांपर्यंत ती आवृत्ती पोचली नव्हती.

कॉन्ट्रामधला वाद जास्त गमतीचा. दोन शिपाई, बंदुका आणि मोजके जीव. पण एक गुपित होतं. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, मग बी, मग ए, अशी बटणं दाबली की तीस जीव मिळतात. कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ नावाचा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करताना, आपल्यालाच तो तपासायला अवघड जातो म्हणून ही सोय केली होती. ती नंतर कॉन्ट्रातही गेली. हाशिमोतो २०२० मध्ये वारले. त्यांचं नाव आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं, पण त्यांचा मंत्र मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याच्या मावसभावाबरोबर एसटीनं इंदापुरात आला आणि वहीच्या मागच्या पानावर उतरला. काही कॅसेटींत तो चाले, काहींत चालत नसे. शेवटी बी आणि ए येतं म्हणून माझे पुतणे मला म्हणायचे, ‘चाचा, तुमची डिग्री लावल्याशिवाय जीव मिळत नाही.’ माझ्या बी.ए.चा इतका रोख उपयोग दुसरीकडे कुठे झाला नाही!

वाद असा होता, की तीस जीव घेऊन जिंकलेला डाव खरा मानायचा का? एक पक्ष म्हणे, कंपनीनंच दिलंय, चोरी कसली. दुसरा म्हणे, मग जिंकलास असं सांगू नकोस, संपवलास असं सांग. ‘जिंकणं’ आणि ‘संपवणं’ यांत फरक करणारी ती मुलं पाचवी-सहावीतली होती. बाजार समितीच्या निवडणुकीनंतर मला हा फरक कितीदा तरी आठवला आहे.

आता घरातून जरा रस्त्यावर येऊ. ज्यांच्या घरी डबा नव्हता, आणि तीच संख्या मोठी होती, त्यांच्यासाठी गेम पार्लर होतं. एसटी स्टँडच्या आसपासची एखादी अरुंद खोली, दारावर पडदा, आत तीन-चार उभी यंत्रं, रुपयाचं नाणं आणि घामाचा वास. इंदापुरात माझ्या चुलत भावाचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान अशाच एका पार्लरच्या भिंतीला लागून होतं. भिंत पातळ होती. मी बारामतीहून गेलो की तासन्‌तास तिथे बसून असे. पलीकडचे खेळ दिसत नसत, खेळणाऱ्यांची मतं मात्र सगळी ऐकू येत.

त्या खोलीतला राजा म्हणजे ‘मुस्तफा’. माझ्या पिढीच्या श्रोत्यांना सांगतो, आणि जे आज चाळिशीत आहेत ते एव्हाना हसू लागले असतील. या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्याच कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ मध्ये आणला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवर तो आधारलेला आहे. कथा भविष्यातली. डायनोसॉर पुन्हा पृथ्वीवर आलेत, त्यांची चोरटी शिकार करणारी टोळी आहे, आणि तिच्याशी लढणारे चौघे आहेत: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. नाणं टाकलं की चौघांपैकी एक निवडायचा.

इंग्रजी नाव लांबलचक, जिभेवर न बसणारं. ते कुणी उच्चारलंच नाही. भारतभर लहानमोठ्या गावांत या खेळाला मुलांनी स्वतःच नाव दिलं, ‘मुस्तफा’. चौघांपैकी एका पात्राचं नाव सबंध खेळाला मिळालं. हे बारसं कंपनीनं केलेलं नाही, जाहिरातीनं केलेलं नाही. हे खेळणाऱ्यांचं मत आहे, आणि इतकं एकमुखी मत आपल्याकडे क्रिकेटच्या संघनिवडीबद्दलही होत नाही.

मग मुस्तफाच का? भिंतीपलीकडून मी कारणं ऐकलेली आहेत. जॅक सगळ्यात बरा, पण कशातच भारी नाही. मेसचा गुद्दा जड, पण तो म्हशीसारखा चालतो. हॅनाच्या हातात शस्त्र चांगलं शोभतं, पण मार खाल्ला की लवकर कोलमडते. मुस्तफा पळतो. धावत येऊन तो जी लाथ मारतो तिनं एकाच वेळी दोघं-तिघं आडवे होतात, आणि घेरलं तर तो निसटू शकतो. रुपया एकच असेल तर जास्त वेळ टिकवणारा गडी घ्यायचा. इतका साधा, रोखठोक हिशेब होता. ‘पैसा वसूल मुस्तफाच,’ असं एक पोरगं म्हणालं होतं. त्याच्या मागे रांगेत उभं राहून आपल्या पाळीची वाट बघणाऱ्यांची यावर एकवाक्यता होती.

श्रोतेहो, मुस्तफा हा अरबी शब्द आहे. त्याचा अर्थ निवडलेला, पसंत केलेला. पैगंबरसाहेबांच्या उपाधींपैकी ती एक आहे. नाव निवडायच्या पडद्यावर ‘निवडलेला’ नावाचा गडी सर्वांनी निवडावा, हा श्लेष कॅपकॉमच्या ध्यानीमनीही नसेल. आमच्या घड्याळाच्या दुकानात मात्र त्यामुळे एक अडचण उभी राहिली. दुकानात एक वृद्ध गृहस्थ येऊन बसत. सगळे त्यांनाही चाचाच म्हणत. पलीकडून दर दहा मिनिटांनी आरोळी यायची, ‘मुस्तफा मेला!’ आणि चाचांच्या कपाळावर आठी पडायची. खेळाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण ते नाव आणि ते क्रियापद शेजारी शेजारी ऐकणं त्यांना सोसत नव्हतं. एक दिवस ते उठले, पडदा बाजूला करून आत गेले आणि म्हणाले, ‘बाळांनो, खेळा. पण ते नाव आमच्याकडं अदबीनं घेतात. तेवढं जरा सांभाळा.’ ओरडले नाहीत, मालकाकडे तक्रार केली नाही.

मला वाटलं, मुलं हसतील. दोन-तीन दिवसांनी मी पुन्हा तिथे बसलो होतो. पलीकडून आवाज आला, ‘लाइफ गेली रे मुस्तफाची!’ मेला हा शब्द गेला होता. जॅक मरत होता, मेस मरत होता, हॅना मरत होती. मुस्तफाची मात्र लाइफ जायची. ती मुलं कुठल्या कुठल्या आळीतली होती हे मी सांगत नाही, कारण सगळ्याच आळ्यांतली होती.

हे कोणत्या काळात घडत होतं तेही सांगायला हवं. १९९२ चा डिसेंबर, १९९३ चा जानेवारी, मग मार्च. मुंबईत दंगली झाल्या, बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरची काही वर्षं, नाव सांगण्याआधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची सवय मला लागली होती. एसटीत शेजारच्यानं ‘आपलं नाव?’ विचारलं की मी आधी गाव सांगायचो. आणि त्याच वर्षांत, त्या पडद्याआड, मुलं एकमेकांना ढकलून म्हणत होती, ‘मी मुस्तफा! मी आधी म्हटलंय!’ यातून सलोखा झाला, मनं जुळली, असला दावा मी करणार नाही. त्यातल्या कित्येकांना ते माणसाचं नाव आहे हेही ठाऊक नव्हतं. यंत्रालाच मुस्तफा म्हणतात अशी त्यांची समजूत होती. पण ते नाव त्यांच्या तोंडी आवडीनं बसलं होतं, आणि का आवडतं याचं कारण त्यांच्याकडे होतं. पळतो म्हणून, टिकतो म्हणून. एखाद्याला कशावरून पसंत करावं, याची याहून चांगली कसोटी मी तरी त्या दिवसांत दुसरीकडे ऐकली नाही.

नव्वदीचं दशक संपलं आणि पार्लरची जागा सायबर कॅफेनं घेतली. बारामतीत कॉलेजं वाढली, संगणकाचे वर्ग आले, त्यांच्या आसपास कॅफे आले. इथल्या एका मतावर जरा थांबतो, कारण ते मत फक्त आपल्याच मातीत तयार होऊ शकत होतं. नॉर्वेमधल्या एका कंपनीनं २००० साली ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’ हा खेळ केला. एकट्यानं शत्रूच्या तळात घुसायचं, कुंपण कापायचं, पहारेकऱ्यांना चुकवायचं. मुलांना तो फार आवडे. पण त्यात मोहिमेच्या मध्यावर खेळ जपून ठेवता येत नसे. मेलात की पहिल्यापासून. परदेशी समीक्षकांनीही हा दोष दाखवला होता. आमच्याकडे त्याची जात वेगळी होती, कारण आमच्याकडे भारनियमन होतं. २००५ नंतरच्या त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास वीज जायची. चाळीस मिनिटं रांगत रांगत जावं, शेवटचा दरवाजा दिसावा आणि दिवे जावेत! यूपीएस असला तरी तो किती तग धरणार? ‘गेम चांगलाय, पण लाइटवाल्या गावासाठी बनवलाय,’ हे वाक्य मी बारामतीत ऐकलं. शत्रूपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं होतं. वीज कधी जाणार हे पाहून मुलं मोहीम निवडत. पुढे २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात मोजक्या वेळा खेळ जपून ठेवायची सोय केली गेली. नॉर्वेतल्या लोकांना इंदापूरचं भारनियमन ठाऊक नव्हतं, पण जगभरातून गेलेल्या तक्रारीत अशी तक्रार सामील असतीच.

क्रिकेटचं तर विचारूच नका. ईए स्पोर्ट्‌सचा ‘क्रिकेट ०७’ हा खेळ २००६ च्या अखेरीस आला आणि त्यानंतर त्या कंपनीनं क्रिकेटचा खेळ काढलाच नाही. परवान्याअभावी त्यात आपल्या खेळाडूंची नावं बदललेली होती. मुलांनी पहिलं काम काय केलं, तर नावं दुरुस्त केली. मग जगभरच्या हौशी खेळाडूंनी त्यात नवे गणवेश, नवी मैदानं, नवे संघ घातले. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली; हा खेळ तिच्या आधीचा. तरी त्यात आयपीएलचे संघ खेळू लागले. कंपनीनं सोडून दिलेलं शेत दुसऱ्यांनी कसत ठेवावं, तसा हा प्रकार. आवडत्या गोष्टीतला दोष दाखवून न थांबता तो निस्तरायचा, हे मत देण्याचं सगळ्यात कष्टाचं रूप.

खेळणाऱ्याचं मत कंपनीला महागातही पडू शकतं. १९८२ च्या नाताळासाठी अमेरिकेत अटारी कंपनीनं ‘ई.टी.’ या गाजलेल्या सिनेमावर खेळ काढला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाला तो बनवायला जेमतेम पाच आठवडे दिले होते. मुलं खेळली आणि सारखी खड्ड्यात पडत राहिली. सिनेमाचं नाव, मोठी जाहिरात, काही उपयोग झाला नाही. न खपलेल्या मालाचे ढीग १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाजवळ जमिनीत पुरले गेले. २०१४ मध्ये खोदकाम करून त्यातल्या कॅसेटी बाहेर काढण्यात आल्या. इतिहासाच्या अभ्यासकांनी आता व्हिडिओ गेमसाठीही कुदळ हाती घेतली आहे, हे यावरून दिसतं.

आणि मत ऐकलं गेलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीनं २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा खेळ केला. राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट. जगभरच्या खेळणाऱ्यांनी त्यातल्या चित्रांचं, महालांचं, संगीताचं कौतुक केलं. पदार्पणातला उत्कृष्ट खेळ म्हणून त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये त्याला नामांकनही मिळालं. पण त्याच खेळणाऱ्यांनी हेही सांगितलं की लढाई जरा अडखळते आणि शेवट अचानक येतो. कंपनीनं २०२२ मध्ये सुधारलेली आवृत्ती काढली. त्यात हालचाली आणि लढाई सुधारली, शिवाय हिंदी आवाज आला. राजी मराठीत बोलली तर बारामतीची मुलं तिच्याविषयी काय म्हणतील, हे ऐकायला मला आवडेल.

मोबाइलच्या काळाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तो तुमच्यासमोरच आहे. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि उजनीकाठच्या वस्तीवरचा पोरगा कानाला यंत्र लावून केरळातल्या, बिहारमधल्या गड्यांबरोबर एका संघात खेळू लागला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं तो खेळ इतर ११७ अ‍ॅप्ससह बंद केला. पुढे जुलै २०२१ मध्ये तो नव्या भारतीय नावानं आला, २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला, २०२३ मध्ये परतला. या सगळ्यावर सुरक्षा, व्यसन, परकी कंपन्या अशा अंगांनी चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मी मात्र माझ्या नातवाच्या वयाच्या मुलांना विचारलं, तेव्हा त्यांनी दुसरंच सांगितलं: ‘खेळ मिळेल दुसरा. टीम गेली.’

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्यानं बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सला मान्यता दिली. कायद्यानं ओढलेली ही रेघ खेळणाऱ्यांना नवी नाही. इस्लाममध्ये जुगार निषिद्ध आहे, आणि द्यूतानं काय होतं ते महाभारतानं सांगून ठेवलं आहे. पण आमच्या पार्लरमधल्या पोरांनीही तो भेद आपल्यापुरता केलेला होता. दोन आण्यांच्या पैजेवर कुणी डाव लावू पाहिला की दुसरे म्हणायचे, ‘पैसे लावलेस तर मजा जाते, मग नुसती मारामारी होते.’ मजा का जाते, हे त्यांना पुस्तकातून समजलेलं नव्हतं.

ते पार्लर आता नाही. तिथे आधी एसटीडी बूथ झाला, मग झेरॉक्स, आता मोबाइलची कव्हरं विकतात. घड्याळाचं दुकान बंद झालं. चाचा गेले. मुस्तफा हा खेळ घरगुती यंत्रांवर अधिकृतपणे कधी आलाच नाही. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमांवर हौशी लोक तो अजून खेळतात. म्हणजे खेळ सापडेल. खेळणाऱ्यांचं म्हणणं मात्र कुठल्या प्रोग्रॅममध्ये साठवलेलं नाही. ते आज चाळिशीत असलेल्या माणसांच्या तोंडी आहे. त्यातला कुणी ऊस घालतो, कुणी एमआयडीसीत पाळी करतो, कुणी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. आपल्या मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेताना त्यांना हे सांगायचं सुचत नाही की आम्हीही खेळत होतो, आणि आमचंही काही मत होतं.

आमच्या गावांतल्या वाचनालयांना, शाळांना माझी एक सूचना आहे. जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तशा या गोष्टीही गोळा करता येतील. खर्च काही नाही. एक वही घ्यावी आणि घरातल्या काका-मामाला विचारावं: कोणतं गाव, साधारण कोणतं साल, कोणता खेळ? रडीचा डाव खेळणारं यंत्र कोणतं होतं? तीस जीव घेऊन संपवलेला डाव तुमच्यात धरत होते का? आणि शेवटी विचारावं, मुस्तफा घ्यायचात की जॅक, आणि का? आधी ते हसतील, मग बोलायला लागतील. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)